वेशीच्या बाहेरच्या अंगाला

आमच्या मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं. ग्रामपंचायत असो की दिल्ली, सकाळी अंघोळ, देवपूजा, धुतलेली टोपी, आणि शाळेचा दरवाजा उघडायच्या आधी रांगेत हजर. एकदा माझ्या नणंदेच्या हळदीच्या दिवशीच मतदान आलं, तर नवरीला हळकुंड हातात देऊन बसवलं आणि आधी मत देऊन आले. ह्या खेपेला मात्र त्यांचं मत पडलं नाही. कुणी म्हणतं म्हातारा चळला, कुणी म्हणतं वेशीवरची बाधा झाली. मी त्या घरातली सून आहे, रोज दुपारी त्यांची भाकरी घेऊन जाते. म्हणून मी पाहिलं तेवढंच सांगते.

मामंजींचं नाव धर्माजी. श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे जाताना खाली समुद्राच्या अंगाला आमचं गाव आहे. भातशेतीचं गाव, थोड्या आंब्या-काजूच्या वाड्या. किनाऱ्यावरून गावात येणाऱ्या पायवाटेवर उंडीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. तो आमचा राखणदार. त्याच्या आत गाव, बाहेर समुद्र, तीच आमची वेस. गावात कायमचं राहायला कुणीही आलं तर आधी त्या दगडासमोर उभं करून त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, मगच आत घ्यायचं. मी म्हसळ्याहून लग्न होऊन आले तेव्हा मलाही तिथं उभं केलं होतं. डोक्यावर ऊन, पायाखाली गरम वाळू, आणि मामंजी खड्या आवाजात सांगत होते, "म्हसळ्याची लेक, आता आमची सोनल. वळखून ठेव, म्हाराजा." विकत आणलेल्या म्हशीलासुद्धा असंच उभं करतात. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

दरवर्षी भात झोडून झालं की त्या दगडाला राखण देतात. सगळं गाव जमतं, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं मंडळ गाडी करून येतं. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. मामंजी एकेक मागणं मागतात आणि प्रत्येक मागण्याला गाव एका सुरात म्हणतं, "व्हय म्हाराजा!" ह्या "व्हय"ला फार किंमत. गाऱ्हाणं घालणारा म्हणजे नुसतं तोंड. गावानं व्हय म्हटलं तरच मागणं राखणदाराकडे पोचतं, आणि एकदा पोचलेलं मागणं परत घ्यायचं तर तेही गावानंच व्हय म्हणून घ्यायचं. एकट्यादुकट्याचं तिथं चालत नाही.

ह्या किनाऱ्यावर समुद्राची भीती नवी नाही. त्र्याण्णव साली इथून जवळच काय उतरलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. पुढे मुंबईवर माणसं समुद्रातूनच चालून आली. त्यानंतर गावोगावी सागर रक्षक दल झालं, त्यात मामंजींनी पहिलं नाव दिलं. टोपी मिळाली, शिट्टी मिळाली. मामंजींना ती शिट्टी देवाच्या घंटेसारखी. ते म्हणायचे, "देश म्हंजे काय नकाशात असतो काय? ह्या दगडापासनं सुरू व्हतो. हतनं कोन शिरला तर दिल्लीला काय कळनार?" निवडणुकीत मतं मागायला येईल त्याला ते हेच विचारायचे. गस्तीची बोट कधी येणार? आमच्या हातात शिट्टी, आणि त्यांच्या हातात बंदूक असली तर? उत्तर कुणी दिलं नाही. सगळे म्हणायचे, "काका, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून देश हाय." आणि गाडीत बसायचे.

मग तीन-चार वर्षांपूर्वी, ऑगस्टात, हरिहरेश्वराच्या किनाऱ्याला ती बंदुका असलेली, बिनमाणसांची बोट लागली. पुढे कळलं की वाहून आलेली, घातपाताची नव्हे. पण मामंजींची धास्ती गेली नाही. त्या वर्षीच्या राखणीत त्यांनी गाऱ्हाण्यात स्वतःच्या मनानं एक मागणं घातलं.

"समिंदराच्या वाटेनं, न सांगता, न इचारता जो कोन येईल, त्याला तुज्या दगडाशीच थांबव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खरं सांगायचं तर निम्म्यांनी नीट ऐकलंही नव्हतं. मटणाचा वास सुटला होता. व्हय म्हणायची सवय असते, म्हटलं.

आता बाबूबद्दल सांगते. किनाऱ्यावरच्या मच्छीमारी बोटींवर आता खलाशी सगळे बाहेरचे. आपली पोरं मुंबईला नाहीतर कंपनीत, त्यांना जाळ्याचा वास नको. त्यामुळे नेपाळचे, ओडिशाचे, बंगालचे, कुठले कुठले येतात. त्यांतला एक सडपातळ, दाढी न फुटलेल्या चेहऱ्याचा माणूस पाणी भरायला आमच्या किनाऱ्यावर उतरायचा. मराठी येत नव्हतं, नुसता हसायचा. सासूबाईंनी, म्हणजे ठमाबाईंनी, एकदा त्याला कुळथाचं पिठलं आणि भाकरी दिली. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या म्हणाल्या, "तिखाट लागलं वाटतं." मला तसं वाटलं नाही.

एकदा तो तिन्हीसांजेला एकटाच वाटेनं वर आला. मामंजींनी शिट्टी फुंकली. माणसं जमली. "कार्ड दाखव." कार्ड बोटीवर राहिलेलं. तो हात जोडून काहीतरी सांगत होता. ती बोली कुणाला कळेना, एवढंच कळलं की ती बंगालची आहे. आणि बंगाली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा? चौकीवर नेला. दुसऱ्या दिवशी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, येऊन सोडवून घेऊन गेला. मामंजींचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. अनोळखी माणूस सांजेला गावात शिरला तर विचारायलाच हवं. फक्त विचारलं ते सगळं कार्डाचं. तुझं नाव काय बाबा, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही, ज्यांनी त्याला जेवू घातलं होतं.

पुढच्या वर्षी नवरात्र सरतानाच्या उधाणात तो बोटीवरून पडला. अंधार होता, लाटा होत्या, शोधलं पण सापडला नाही. सकाळी मामंजी नेहमीसारखे किनाऱ्याकडे फेरी मारायला गेले तर तो दगडाला पाठ टेकून बसलेला. बाहेरच्या अंगाला. मामंजींना वाटलं, बसलाय. म्हणाले, "काय रं, आलास काय पोहून?" मग जवळ गेले.

पाण्यापासून दगडापर्यंत पावलं उमटलेली होती, मी स्वतः पाहिली. म्हणजे तो समुद्रातून सुटला होता. उठून चालत आला होता. दगडापासून गावातलं पहिलं घर, आमचं, हाकेच्या अंतरावर, पडवीत दिवा जळत होता. आणि तो तिथंच बसला, आणि तिथंच गेला.

पोलीस आले, तांडेल आला. नाव विचारलं तर तांडेल म्हणाला, "बाबू म्हनायचो आमी. मुकादमानं धाडलेला, पगार रोखीत. नाव... बाबूच की हो." कुणी वारस आला नाही. सरकारी रीतीनं सगळं उरकलं.

 आठवड्यानं एकदा जेवता जेवता मामंजी म्हणाले, "माजंच मागनं लागलं त्याला. म्याच सांगितलं व्हतं, दगडाशी थांबव."

सासूबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "देवाला कशाला मधी आनता? तो देवाला न्हाय थांबला. तुमच्या शिट्टीला भ्यायला."

मामंजींनी ताट सारलं. त्यानंतर कधी त्यांच्या गळ्यात शिट्टी दिसली नाही.

आणि मग ते सुरू झालं. भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, वेशीकडून कुणीतरी खोकल्यासारखं ऐकू यायचं. आमचा कुत्रा वाटेनं दगडापर्यंत जायचा आणि शेपूट हलवत उभा राहायचा, अनोळख्यावर भुंकतो तसा भुंकायचा नाही. चैत्रात, जमीन तडकलेली असताना, दगडाच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसायची, भिजलेला माणूस बसून उठावा एवढी. शाळेतले गुरुजी म्हणाले, खालून झरा असेल. असेल. झरा एकाच अंगाला का फुटतो ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावताना किनाऱ्याकडे पाठ करायचं बंद केलं. भीती वाटते म्हणून नाही. दाराशी कुणी ताटकळत असताना पाठ फिरवणं बरं दिसत नाही, एवढंच.

मामंजींनी मनाशी ठरवलं. त्याला आत घ्यायचं. जिता आला असता तर दगडापुढे नाव सांगून घेतला असता, तसाच मेलेला घ्यायचा. पण त्यासाठी नाव पाहिजे. बाबू हे काही नाव नव्हे, रस्त्यात कुणालाही मारायची हाक ती.

तेवढ्यात निवडणूक आली, आणि ती नेमकी राखणीच्या तोंडावर. बाबू गेल्यापासून मामंजींचं ते मागणं पंचक्रोशीत गाजलं होतं. एका बाजूच्या हर्षदनं, हा आमच्याच भावकीतला, नाक्यावर फलक लावला. त्यावर उमेदवाराशेजारी मामंजींचा टोपीतला फोटो आणि खाली ते मागणं, मोठ्या अक्षरात. न विचारता लावला. मग हात जोडत घरी आला.

"धर्माजीकाका, तुमचं गाऱ्हानं म्हंजे आमचं अर्धं भाषण हाय. परक्यांचा लोंढा थांबवायचा, ह्योच मुद्दा. बोला, तुमच्यासाठी काय करू? वाटेला पायऱ्यांची पाखाडी? पान्याची टाकी?"

"नाव आनून दे."

"कोनाचं?"

"बसलाय त्याचं."

हर्षदनं माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप पुढे केला. मामंजी शांतपणे म्हणाले, "हे बघ हर्षद, मला परक्यांचा पुळका न्हाय. न सांगता येनारी बोट थांबलीच पायजे, त्यासाठी मी हयात घालवली. पर थांबव म्हननाऱ्यानं कोनाला थांबवलं ते ठावं नको? तुज्या वळखी वरपर्यंत हायत. नाव आन, माजं मत तुला."

ही गोष्ट दुसऱ्या बाजूला कळायला वेळ लागला नाही. तिकडचा विनेशही आला. त्यालाही मामंजींनी तेच सांगितलं.

आणि दोघांनीही नाव आणलं.

हर्षदनं मोबाइलवर एका कार्डाचा फोटो दाखवला. "अब्दुल करीम मंडल. पलीकडचा, घुसखोर. बघा, तुमचं मागनं बरोबर मानसाला लागलं. उगाच जिवाला लावून घेता." दोन दिवसांनी विनेश आला, त्याच्याही मोबाइलवर फोटो. "कार्तिक मंडल. आपलाच, हिंदुस्तानचा. गरिबाला परका म्हनून मारला ह्या लोकांनी, हे आता सभेत सांगा तुम्ही." दोन्ही फोटोंतला चेहरा पुसट. सासूबाईंनी हर्षदचा फोटो तेव्हाच निरखला होता, हा आता निरखला. "त्याला दाढी व्हती. आनि ह्यो तर माज्या वयाचा दिसतोय. तुमी दोगं एकाच दुकानात गेलतात काय रं?"

विनेश हसला. मामंजी हसले नाहीत.  तो गेल्यावर मला म्हणाले, "सोनल, खोटं नाव सांगितलं तर तो तितंच राहील गं. दुसराच कोनतरी आत येईल."

राखणीचा दिवस उजाडला. एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मुंबईचं मंडळ, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल वर धरलेला. आम्ही बायका मागे उभ्या होतो. मामंजींनी नारळ हातात घेतला. पीकपाणी मागितलं, "व्हय म्हाराजा!" गुरंढोरं, लेकरंबाळं मागितली, "व्हय म्हाराजा!" मग ते मागणं आलं. हर्षद पुढे सरकला.

 मामंजी नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "समिंदराच्या वाटेनं वैरी येईल त्याला थांबव, म्हाराजा. पर बुडता, भुकेला येईल त्याला नाव इचार, आनि घरापतूर आन. असाच एक तुज्या दारात बसलाय. आमी त्याचं नाव इचारलं न्हाय. तो अलीकडचा का पलीकडचा ते तुला ठावं. बिननावाचा हाय, तसाच आत घे, म्हाराजा."

त्या पहिल्या वर्षी कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी व्हय म्हटलं. ह्या वर्षी सगळे कान देऊन ऐकत होते. कुणीच म्हटलं नाही.

 मुंबईच्या मंडळाचे लोक हर्षदकडे बघत होते, हर्षद मोबाइलकडे. माझा नवरा सुजित खाली मान घालून उभा होता. बायकांनी राखणीत व्हय म्हणायची रीत नाही. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, ते मी गिळलं.

मामंजींनी नारळ फोडला नाही. खाली ठेवला. दगडाला हात लावून नमस्कार केला, आणि दगडाला वळसा घालून बाहेरच्या अंगाला गेले.

"काका, कुठं?"

"गाव व्हय म्हनत न्हाय तवर मी बी भायेर."

लोकांना वाटलं, राग आहे, रात्री जेवायला येईल घरी. आले नाहीत. वेशीबाहेर, दगडाला लागूनच, आमची काजूची वाडी आहे, तिथं वाडी राखायला बांधलेली खोप आहे. तिथं राहिले. चार दिवसांनी सासूबाई गोधडी काखेत मारून निघाल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "त्यांना चूल पेटवाया येत न्हाय. दुपारची भाकर तेवढी तू आन. आनि तिकडं दोघांना एक म्हातारी तरी नको व्हय?" दोघांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. त्या मात्र कामाला आत-बाहेर करायच्या. म्हणायच्या, "माजा न्हाय दगडाशी करार."

सुजित मुंबईला परत जाताना वेशीवर थांबला. "बाबा, लोक हसतात. निदान मतदानाला तरी आत या."

"व्हय म्हन, येतो."

"माझ्या एकट्याच्या म्हणण्यानं काय होणार?"

"तेच तर. तुज्यासारका परतेक जन एकटाच हाय."

मतदान शाळेत, म्हणजे वेशीच्या आत. इकडे एकेका मतावर सगळं अडलेलं. सकाळपासून हर्षदची रिक्षा दगडापर्यंत येऊन रिकामी परत जात होती. दुपारी तो स्वतः आला. मी तेव्हा भाकरी घेऊन तिथंच होते.

"काका, व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! झालं? बसा आता गाडीत."

"गावाचं व्हय पायजे रं."

"आता गाव कुठनं आनू? समदं गाव रांगेत उभं हाय!"

"मग तितंच इचार की. आयतं एका जागी गावलंय."

 हर्षद डोक्यावरचा घाम पुसत रिक्षात बसला. विचारलं असतं तर काय झालं असतं, कुणास ठाऊक. रांगेत मीही होते सकाळी. माझ्या पुढे-मागे उभी असलेली माणसं वाईट नव्हती. संध्याकाळी वेशीकडे जायला त्या सगळ्यांना भीती वाटते, म्हणजे कुणीतरी तिथं आहे हे त्या सगळ्यांना ठाऊक आहे.

सासूबाई उन्हं कलल्यावर मत देऊन आल्या. शाई लागलेलं बोट त्यांनी मामंजींपुढे धरलं. मामंजींनी ते बोट हातात घेऊन कितीतरी वेळ पाहिलं, लहान पोराचं लागलेलं बघावं तसं.

"भायेर टेबलावर बसलेला पोरगा म्हनत व्हता, धर्माजी तेवढे राह्यले," सासूबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, राह्यले न्हायत, हद्दीवर हायत."

"नाव घेतलं त्यानं माजं? मोठ्यानं?"

"घेतलं की. दोन येळा."

"चार मानसांनी ऐकलं?"

"ऐकलं."

"मग झालं," मामंजी म्हणाले.  ते उठले, दगडाजवळ जाऊन बसले, बाहेरच्या अंगाला, जरा बाजूला सरकून, जागा ठेवून. समुद्राकडे बघत हळू आवाजात बोलायला लागले, "तुजं बी घेतील. आज न्हाय घेतलं. तोवर मी हाय हतं."

सासूबाईंनी चुलीत लाकूड सारलं आणि त्यांच्याकडे पाहिलंही नाही, जसं रोजचंच काही.

मी भाकरीचं फडकं गुंडाळलं आणि निघाले. वेशीतून आत आले तरी मामंजींचं बोलणं ऐकू येत होतं. मधेच ते गप्प व्हायचे, समोरचा बोलत असला की आपण होतो तसे, आणि मग "व्हय, व्हय" म्हणायचे. मी वळून पाहिलं नाही. घरी येऊन दिवा लावला आणि पडवीचं दार उघडंच ठेवलं.